शेपटाच्या मागे कोणी नसतं

डोंगरावर माणसं ओळीने चालतात आणि त्या ओळीला दोन टोकं असतात. सगळ्यात पुढचा वाटाड्या म्हणजे तोंड. सगळ्यात मागचा, तो शेपूट. तोंड वाट ठरवतं. शेपटाचं काम एकच, आपल्या मागे कोणाला राहू द्यायचं नाही. दमून कोणी बसलं की शेपटाने थांबायचं, बुटाची नाडी सुटली की थांबायचं, कोणी आडोशाला गेलं की ते माणूस परत येईपर्यंत वाटेवर उभं राहायचं. ओळ थांबली की पुढून हाक येते, "शेपूट?" मागून उत्तर जातं, "आहे!" म्हणजे सगळे माझ्या पुढे आहेत. ते उत्तर आल्याशिवाय ओळ हलत नाही.

हे काम त्याने उभा जन्म केलं. इतकं, की तेच त्याचं नाव झालं. शेजारीपाजारी, वाणी, सगळे त्याला शेपूटच म्हणत. डोंगरसहली नेणाऱ्या त्याच्या कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर जगाचा नकाशा आहे, तिथल्या टाचण्यांपैकी बऱ्याच टाचण्यांवर तो जाऊन आला होता. बर्फाची शिखरं, ज्वालामुखीची तोंडं, वाळवंटातले सुळके. तिकडे काय काय पाहिलं असं कोणी विचारलं की तो म्हणे, "पाठी." आणि ते खरंच होतं. चेहरा विसरला तरी टाचा पाहून तो माणूस ओळखत असे.

जुना तोंड नोकरी सोडून गेला तेव्हा त्याची जागा शेपटाच्या लेकीला मिळाली. "घरात आईचं तोंड, डोंगरावर लेकीचं," तो ऑफिसात सांगे, "मी आपला कायमचा मागे." घरी ती त्याला बाबा म्हणे. डोंगरावर मात्र शेपूट. ते तिनेच ठरवलं होतं आणि त्याला आवडलं होतं.

कान जायला लागले ते हळूहळू. आधी पाखरं गेली. मग एका दुपारी तो स्वयंपाकघरात फाटलेला तंबू शिवत बसला होता आणि हाताच्या अंतरावर किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली. बायको बाहेरून धावत आली, गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मागून बोलून उपयोग नाही हे तिला कधीच कळलं होतं.

"कानाचं मशीन घ्या."

"डोंगरावर? वारा शिरला की त्यात नुसती सूं सूं."

"मग डोंगर सोडा."

"आणि करू काय? तुझ्यामागे पिशवी धरून बाजारात फिरू?"

"त्यात काय वाईट आहे? तिथेही शेपूटच." ती हसली नाही. "पोरगी तुमच्या एका शब्दावर माणसं पुढे नेते. तिला सांगा."

"एवढी एक फेरी होऊ दे."

"एवढीच. परत आलात की तुम्ही सांगायचं. नाहीतर मी तिच्या कानावर घालणार."

लेकीला कळलं की आपण ओळीतून बाहेर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला तसंच शिकवणारा तोच होता. म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. तो ओळ वाचत असे. पुढच्या पाठी थबकल्या, शेवटच्या एकदोघांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, की समजायचं, हाक आली. मग तो छाती भरून ओरडे, "आहे!" आणि ओळ चालू लागे. कोणी मध्येच मागे वळून काही बोललं तर तो हात वर करी. मी आहे, चला. एवढ्यावर त्याचं सगळं निभावत होतं.

त्या फेरीत खिंड उतरताना धुकं आलं. ओळीत शेपटाच्या पुढे एक दंतवैद्य बाई होत्या, जाडजूड बुटांच्या, जपून पावलं टाकणाऱ्या. त्याच्या बुटात खडा गेला म्हणून तो वाकला होता. मान वर केली तर बाई मागे वळून त्याच्याकडे बघत काही म्हणत होत्या. त्याने हात वर केला. बाईंनी मान डोलावली.

त्या म्हणाल्या होत्या, "मी जरा त्या खडकाआड जातेय, थांबा हं."

बूट घालून तो उठला. पुढे पांढरं धुकं होतं, बाई दिसत नव्हत्या. पुढे गेल्या असतील म्हणून त्याने पाय उचलला. धुक्यात पुढची पाठ नुसत्या सावलीसारखी दिसायला लागली तेवढ्यात ओळ थांबली. त्या सावलीने मान वळवली.

"आहे!" तो ओरडला.

निवाऱ्यात पोचल्यावर लेकीने खुंट्यांवरच्या सॅक मोजल्या. मग ती दाराशी आली. तिने हाक मारली ती त्याला दिसली.

"बाबा, बाई कुठे आहेत?"

डोंगरावर ती त्याला पहिल्यांदाच बाबा म्हणाली. तो वळला आणि आल्या वाटेने निघाला. मागोमाग तीही निघाली आणि थोड्या चढानंतर त्याच्या पुढे गेली.

बाई वाटेवरच होत्या, आपल्या सॅकवर बसलेल्या. हरवलात तर आहात तिथेच बसा, असं निघताना सांगितलेलं त्यांनी पाळलं होतं. ओठ निळे पडले होते आणि हातमोजा ओढता येत नव्हता. दोघांनी मिळून त्यांना खाली आणलं. ओळीबरोबर आलेल्या आचाऱ्याने गरम पाणी दिलं. शेपूट जमिनीवर बसला, बाईंचे बूट काढले आणि त्यांची पावलं आपल्या तळव्यांत धरून चोळू लागला. बोटं पांढरी होती. गुलाबी होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"मी ओरडून सांगितलं होतं," बाई लेकीला म्हणाल्या. "यांनी हातही केला. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल बिचाऱ्यांना."

"वारा नव्हता," लेक म्हणाली. "वारा असता तर धुकं टिकलं नसतं."

ती बापाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. घरात बोलावं तशा आवाजात तिने विचारलं, "शेपूट?"

तो पावलं चोळत राहिला.

बाईंनी नजर उचलली, त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. ती नजर त्याने ओळखली. जन्मभर तो तीच तर वाचत आला होता.

"आहे!" तो मोठ्याने म्हणाला.

निवाऱ्यातले सगळे त्याच्याकडे वळले. त्याने वळून पाहिलं तेव्हा त्याला कळलं की विचारणारी पुढे नव्हती, त्याच्या मागे होती.

लेक समोर येऊन उकिडवी बसली. तिचे ओठ आता त्याला दिसत होते.

"कधीपासून?"

"आईला विचार."

"आईला माहीत आहे?"

"ती तुझ्या कानावर घालणार होती."

"म्हणजे मी एकटीच बहिरी होते," ती म्हणाली. त्याला हसू आलं नाही, तिलाही नाही. "पाणी निवलं असेल, बदला," एवढं म्हणून ती उठली.

सकाळी ओळ लागली तेव्हा तो सवयीने मागे जाऊन उभा राहिला. तिथे आचारी उभा होता. भांड्यांची सॅक पाठीवर, नजर जमिनीवर. "ताईंनी सांगितलंय," तो ओशाळून म्हणाला. ते ऐकू आलं नाही तरी कळलं. शेपटाने त्याच्या सॅकचा पट्टा ओढून नीट केला. "आडोशाला जाणाऱ्याची सॅक वाटेवर ठेवून घे," त्याने सांगितलं. "आणि नुसता हात करू नकोस. जवळ जा."

मग तो सगळ्यांच्या बाजूने चालत पुढे गेला, लेकीने दाखवलेल्या जागी, तिच्या बरोबर मागे. तिची पाठ त्याने डोंगरावर इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. उजवी टाच ती आईसारखी बाहेर टाकत होती.

मोठ्या उतारापाशी ती थांबली. तोंड त्याला दिसेल अशी वळली आणि त्याच्या डोक्यावरून मागे हाक दिली. उत्तर यायला वेळ लागला असावा, कारण ती बराच वेळ तशीच उभी राहिली. सवयीने "आहे" त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ओठ मिटून घेतले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिच्या कपाळावरची आठी सुटली. मग तो तिच्यामागे उतरू लागला.