पिवळा की निळा

शेजारच्या पार्लरवाल्या ताईंबद्दल मी लिहावं, इतकी काही माझी त्यांची ओळख नव्हती. अकरा वर्षं आमच्या दोन दुकानांच्या मध्ये फक्त एक लाकडी फळी होती. माझ्या बाजूला घड्याळांची दुरुस्ती, त्यांच्या बाजूला केस. त्यांना मुलंबाळं होती का, हेही मी कधी विचारलं नाही. मला जमतच नाही विचारायला.

फळीपलीकडचं ऐकू मात्र सगळं यायचं. पर्मसाठी, म्हणजे केस कुरळे करून घ्यायला, कुणी आलं, की ताई एक ओला केस चिमटीत धरून ओढून बघायच्या आणि त्यावरून केस गुंडाळायचा रॉड ठरवायच्या. पिवळा बारीक, घट्ट कुरळ्यांसाठी. निळा जाड, नुसत्या लाटांसाठी. "बाई, तुझा केस आहे की दोरखंड? पिवळ्याशिवाय वळायचा नाही हा!" मग हशा. नाजूक केस पिवळ्यावर ताणून औषध लावलं, तर मुळाशी तुटतो. त्यांचा भरवसा डोळ्यांवर नव्हता, बोटांवर होता.

एका दुपारी त्या कागदावर एक केस घेऊन माझ्याकडे आल्या. "काका, तुमच्या भिंगातून बघता का जरा? जाड की बारीक?" मला थट्टा वाटली. बघून सांगितलं. आठवड्याभरानं पुन्हा आल्या. कागद ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी माझा वाफाळता चहाचा पेला सहज उचलून बाजूला केला. तेव्हा त्यांची बोटं दिसली. टोकं पांढरी, गुळगुळीत, रेषा पुसल्यासारखी.

"औषधानं झालंय. काही कळत नाही हो बोटांना," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाजवळ बोलू नका. हे बाहेर गेलं तर दुकान संपलं."

मी बोललो नाही. पण माझंही एक कुणाला ठाऊक नव्हतं. माझा भिंगाचा डोळा धूसर होत चालला होता. निम्मं काम मी सवयीवर उरकत होतो.

मग एक दिवस त्यांची धाकटी बहीण आली. मोठ्या आजारातून उठलेली, केस नुकते परत आलेले.

"ताई, मला पूर्वीसारखे कुरळे कर. आरशात कुणी परकीच दिसते गं."

"अगं वेडे, चार बोटं लांबी. निळ्यावर वेढाच बसायचा नाही."

"मग पिवळा लाव. जगाला लावतेस, बहिणीलाच कंजूषपणा?"

ताई कागद घेऊन आल्या. "नवे केस आहेत, काका. दम असेल तर पिवळा लावते, नाहीतर तिला तशीच परत पाठवते. नीट बघा."

मी भिंग लावलं. पांढरा कागद, त्यावर एक धुरकट पुसट ओळ. दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"चांगला जाड आहे," मी म्हणालो.

पलीकडे रॉड खटखटू लागले. औषधाचा उग्र वास फळीतून आला.

"मेंढी झाले तर?"

"लोकर विकू!"

दोघी हसल्या. मग नळ सुरू झाला आणि हसणं थांबलं. नळ वाहतच राहिला.

"हे काय गं, ताई?" बहिणीचा आवाज आला.

संध्याकाळी डोक्याला ओढणी गुंडाळून बहीण निघून गेली. मागून ताई माझ्या दारात आल्या. आता विचारतील, म्हणून मी टेबलाची कड धरून बसलो. त्या संध्याकाळनंतर त्यांचं दुकान कधी उघडलं नाही, आणि त्याही पुन्हा दिसल्या नाहीत. पण तेव्हा दारात उभ्या राहून त्यांनी ते विचारलं नाही. मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं.

"मागे पडतंय हो, काका."

"ठेवून जा. उद्या देतो."

"चालेल. घाई नाही."