जुम्म्याचा सब्जा

लेक गेली आणि मी अंथरूण धरलं. शिलाई मशीन धूळ खात पडली. नांदेडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की नुसती झोप यायची. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात न्हाईत. दर जुम्म्याला हे एकटेच जायचे, कबरीवर घालायला बाजारातून सब्जा न्यायचे. एकदा जुडी घेऊन आधी घरी आले. निम्मी काळी पडलेली!

"माझ्या लेकीला हा सडका पाला?" मी ताडकन उठून बसले. "आता सब्जा मीच लावते."

"आधी जेव तर," हे म्हणाले.

"जेवते. बी आणा."

तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून बी टाकलं. नमाजाआधी हात-तोंड धुतलेलं वजूचं पाणी पाक, ते मोरीत कशाला सोडायचं? पाच वक्त नमाज, पाच वक्त डब्यात पाणी. रोपं वीतभर झाली अन् एका सकाळी माना टाकून पडली. बोट घातलं तर नुसता चिखल, घाण वास. मी धाय मोकलून रडले. माझ्या हातानं काहीच जगत न्हाई, असंच वाटलं.

शेजारीण कंधारकडची, माहेरी शेती. तिनं डबा उपडा करून पाहिला. "अहो भाभी, भोक कुठाय याला? लई माया करून राहिलात, जीव गुदमरला की त्याचा!"

मला रागच आला. पण खिळा-हातोडा घेतला अन् दाणदाण भोकं पाडली. पुन्हा पेरलं. आता रोज माती चाचपायची, कोरडी लागली तरच पाणी. त्यापायी पहाटे फजरच्या नमाजाला उठणं आलं, उठलं की चहा, चहा झाला की मशीन. रडू यायचं, नाही असं न्हाई. पण मातीत हात असले की छाती जरा मोकळी व्हायची.

सब्जा दाट आला. जुम्म्याला यांनी कात्री मागितली. मी बुरखा घातला, डबा कमरेवर घेतला.

"तोडायचा न्हाई. मुळासकट लावायचा. मी येते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. लोकांनी पाणी घातलंय का?"

हे पुढं चालू लागले. कबरीच्या उशाशी मी हातानंच माती उकरली, रोप बसवलं. दफनाच्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक पुरुषानं तीन मुठी माती दिली होती. आई तेवढी घरात होती. मी मूठ भरली. एक टाकली. दुसरी टाकली. तिसरी काही सुटेना. यांनी माझा हात हातात घेतला, तेव्हा मूठ उघडली.