वॉल्टर थॅचबीच्या पूर्वजाची सासुरवाडी

वॉल्टर थॅचबीला कोणतीही बातमी सांगा, तो आधी चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "हे तुला कोणी सांगितलं? आणि त्याला कोणी?" उद्या सुट्टी आहे म्हटले तरी हाच प्रश्न, कँटीनमध्ये आज मासळी आहे म्हटले तरी हाच. अबुधाबी अमिरातीतल्या रुवैसच्या रिफायनरीत आम्ही दोघे तपासणी विभागात होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो मॅसॅच्युसेट्सहून तेथे आला, तेव्हा पन्नाशी उलटलेला, एकटा, उंच आणि किंचित वाकलेला होता. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो, "या लाइनचं वेल्डिंग उत्तम झालंय." त्याने चष्मा वर चढवला. त्यानंतर आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरताच बोललो.

या माणसाविषयी आमच्या मराठी मंडळाच्या एका स्मरणिकेत जे छापून आले आहे, ते मी वाचले आहे. त्यात त्याला चक्रम आणि दारूत बुडालेला म्हणून रंगवले आहे. कंपनीने त्याला काढून टाकले, असेही ठोकून दिले आहे. शिवाय त्याच्या पूर्वजाचे कोडे माधव दामले यांनी एका बैठकीत सोडवले, अशी माझी पाठ थोपटली आहे. यातले एकही विधान खरे नाही. लेखक महाशय रुवैसला एकदाच आले होते, तेही माझ्या घरी जेवायला. वॉल्टरच्या घरात लिंबू सरबताखेरीज दुसरे पेय मी कधी पाहिले नाही, आणि त्याच्या घरी मी जवळजवळ दर शुक्रवारी जात असे.

शुक्रवार, तिथल्या आठवडी सुट्टीचा दिवस, हा त्याचा पूर्वजांचा वार. एझरा थॅचबी नावाचा त्याचा मूळपुरुष सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला होता. राजाचा धर्म न पटलेल्या प्युरिटन पंथाचा तो माणूस. कडवा, काटकसरी, करमणुकीचा शत्रू. "नाताळ साजरा करणंसुद्धा त्यांना पाप वाटायचं," वॉल्टर सांगे. "आणि मी नोकरी करतो कुठे, तर रमजानमध्ये दिवसा पाणीही लपून प्यावं लागतं तिथे. एझराला रुवैस फार आवडलं असतं."

एझरा अमेरिकेत उतरल्यापासूनची वंशावळ वॉल्टरजवळ होती. त्याआधीचे मात्र काहीच ठाऊक नव्हते. तो कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, याचा पत्ता लागत नव्हता. घरात पिढ्यान्पिढ्या समज असा, की तो एका उमरावाचा धाकटा मुलगा, धर्मासाठी वाड्यावर पाणी सोडून आलेला. त्या उमरावाची म्हणून एक लाकडी, रंगवलेली ढाल वॉल्टरच्या आईच्या दिवाणखान्यात टांगलेली होती. आई नव्वदीच्या पुढची, विधवा. मागच्या सुट्टीत तिने मुलाला सांगितले होते, "मी जाण्याआधी एझराचं घर शोधून दे." वॉल्टरने शब्द दिला होता. म्हणून इंग्लंडमधल्या मिळतील तेवढ्या थॅचबींच्या नोंदींच्या छायाप्रती मागवून तो शुक्रवारभर त्यांत डोके घालून बसे, आणि आई थकत चालली होती.

एकदा मी त्याला अभिमानाने म्हणालो, "आमचा मूळपुरुष पेशवाईतला सरदार होता."

चष्मा वर. "कोणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"त्यांना?"

"आजोबांनी. तुमच्या देशाला इतिहासच नाही, म्हणून तुला हे प्रश्न पडतात!"

"खरं आहे," तो शांतपणे म्हणाला. "थोडाच आहे, म्हणून जपून वापरतो."

मी दार आपटून निघालो. पण पुढच्या रजेत गावी जाऊन मुद्दाम चौकशी केली. सरदाराचा मागमूसही लागला नाही. वडिलांचे एक चुलतभाऊ तेवढे म्हणाले, "अरे, मुलींची लग्नं जमवताना ते वाक्य उपयोगी पडायचं." माझे भाऊबंद अजून सरदार सांगतात. मी सांगत नाही, आणि माझ्यासमोर सांगू देत नाही.

आता कोड्याविषयी. रिफायनरीत परांची बांधणारी एक टोळी होती. तिचा मुकादम तुकाराम आंब्रे, गुहागरकडचा. एका दुपारी सावलीत चहा घेताना वॉल्टर मला म्हणाला, "डामले, याला विचार. या सगळ्यांची आडनावं वेगवेगळी, मग गाव एकच कसं?"

तुकाराम हसला. "साहेब, ह्यात विचारायचं काय? हा माझा मेव्हणा, ह्याला मी आणला. ह्याने आपला साडू आणला, साडूने जावई आणला. पोरगी दिली की पाठोपाठ व्हिसा."

"सख्खे भाऊ का नाही आणत?"

"भाऊ भांडतो, साहेब. मेव्हणा नाय भांडत. त्याची बहीण आपल्या घरात बसलीय ना!"

टोळी खदखदून हसली. मी वॉल्टरला इंग्रजीत सांगितले. त्याने चष्मा कपाळावर चढवला नाही. तो काढून हातात घेतला आणि म्हणाला, "मी आयुष्यभर एझराच्या आडनावामागे धावलो. त्याची सासुरवाडी शोधायला हवी होती."

तेव्हा मी काय म्हणालो, तेही नोंदवून ठेवतो. मी म्हणालो, "तुला ऊन लागलंय. परांचीवाले आणि प्युरिटन यांचा काय संबंध?" तेव्हा ते श्रेय माझ्या गळ्यात कोणी बांधू नये.

अमेरिकेतल्या त्या पहिल्या वसाहतीत एझराच्या शेताला लागून ज्यांची शेते होती, त्यांची आडनावे निराळी म्हणून वॉल्टरने त्यांच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. ती सारी माणसे पूर्व इंग्लंडातल्या विणकरांच्या एका खेड्यातली निघाली. तिथल्या चर्चच्या दप्तरात एझराचे लग्न सापडले: एका विणकराच्या हॅना नावाच्या मुलीशी. शेजारी म्हणजे हॅनाचे भाऊ आणि मेव्हणे. अमेरिकेतल्या कागदांत ती केवळ 'एझराची बायको' होती. तिला आता नाव आणि माहेर मिळाले. आणि एझरा? लग्नाच्या नोंदीप्रमाणे तो त्याच विणकराच्या घरचा नोकर होता. दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता. वॉल्टरने दुसरा पुरावा हाती येईपर्यंत आणखी कित्येक महिने काढले. अखेर त्या विणकराचे मृत्युपत्र मिळाले. त्यात समुद्रापार गेलेल्या मुलीचा आणि पूर्वी घरी नोकर असलेल्या जावयाचा नावानिशी उल्लेख होता.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. माझ्या पत्नीने, सुशीलेने, केलेला शिरा समोर तसाच निवत राहिला.

"वाडा नाही, उमराव नाही," तो म्हणाला. "आता आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस," मी म्हणालो. "शोध लागला नाही म्हण. नव्वदीच्या बाईची ढाल कशाला काढून घेतोस?"

"तिने मला विचारलंय, डामले. खूश कर असं नाही म्हणाली."

"मग फोनवर सांगून टाक."

"हे फोनवर सांगायचं नसतं."

तेव्हा रिफायनरी बंद ठेवून दुरुस्ती करण्याचे, शटडाउनचे काम चालू होते आणि कोणालाही रजा मिळत नव्हती. वॉल्टरने कराराची मुदत संपण्याआधीच राजीनामा दिला. त्याला कोणी काढले नाही. साहेबांनी त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्याच खोलीत होतो. अबुधाबीच्या विमानतळावर मीच त्याला सोडले. "ती मोडून पडली तर?" एवढेच वाटेत एकदा म्हणाला. उतरताना "खलास, हबीबी", म्हणजे अरबीत 'संपलं, मित्रा', म्हणत त्याने मला मिठी मारली. मला मिठ्यांची सवय नाही, तरी मी ती सोडवून घेतली नाही.

महिनाभराने त्याचा फोन आला.

"सांगितलंस?" मी विचारले.

"सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, 'नोकर? नक्की?' मी म्हटलं, दोन पुरावे आहेत. आणि ती हसायला लागली. थांबेचना. मी घाबरलो."

वॉल्टरची आई मासेमाऱ्याची मुलगी होती. लग्न होऊन थॅचबींच्या घरात आल्यावर सासूने तिला पहिल्याच आठवड्यात त्या ढालीसमोर उभे केले होते आणि तिचे भाग्य तिला समजावून सांगितले होते. पुढे सासू असेपर्यंत दर शनिवारी ती ढाल पुसण्याचे काम सुनेकडे असे. हे तिने मुलाला कधी कळू दिले नव्हते. एझराचे घर तिला का हवे होते, हे वॉल्टरलाही त्या दिवशीच कळले.

"डोळे पुसत ती म्हणाली," वॉल्टरने सांगितले, "'धन्याच्या पोरीशी लग्न करून मोठा झालेला नोकर! अरे वॉल्टर, हे ऐकायला तुझी आजी हवी होती रे!'"

सुशीलेला मी हे सांगितले, तेव्हा ती इतकी हसली की माझ्या आईनेही तिला आमच्या सरदारासमोर उभे केले होते की काय, अशी मला शंका येऊ लागली.

त्या हिवाळ्यात वॉल्टरची आई गेली. पुढे काही वर्षांनी वॉल्टरही गेला. मी जन्मभर लोकांना सल्ले दिले आणि न ऐकणाऱ्यांशी भांडत आलो. वॉल्टरने माझे ऐकले असते, तर ती बाई त्या ढालीखाली मान खाली घालूनच गेली असती. त्याने माझे ऐकले नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.