न बदललेल्या बाटल्या

साडूची बिअर मी बिघडवली, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. चुकून बिघडली असती तर सांगितलं असतं. मी चार दिवस, दिवसातून दोनदा त्याच्या गच्चीवर जाऊन ती बिघडवली, आणि प्रत्येक वेळी खाली येऊन त्याच्याच घरात चहा प्यालो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सोलापुरात आमची घरं दोन गल्ल्या सोडून. घरी बिअर करायचा नाद आधी मला लागला, त्याला नंतर. हे मी अजूनही सगळ्यात आधी सांगतो, त्यावरून काय ते समजा.

मी टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्याच्या लॅबमध्ये. अंश, मिनिटं आणि ग्रॅम यांच्यावर माझं पोट चालतं. गव्हाची बिअर करायचं ठरवलं तेव्हा मी वही घातली, थर्मामीटर आणला. साडू नुसता बघायला आला होता. "साडूभाऊ, मलाबी शिकवा की," म्हणाला. शिकवलं. गव्हाला मोड आणून उन्हात वाळवायचे, बाहेरून मागवलेल्या जवाच्या माल्टबरोबर भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गोड रस गाळायचा, तो उकळायचा, गार करायचा आणि मग यीस्ट. घरात असलं काही करायला परवानगी नसते हे दोघांनाही ठाऊक होतं. शेजारी वासाबद्दल विचारायचे तेव्हा आमच्या बायका सांगायच्या, कुरड्यांचा गहू भिजत घातलाय. उन्हाळ्यात त्यापुढं कुणी काही विचारत नाही.

खरी कसोटी यीस्ट घातल्यावर. ते कामाला लागलं की रस आपोआप तापायला लागतो, आणि आमच्याकडं एप्रिलात बाहेरही चूलच पेटलेली. ह्या बिअरला वीसच्या आसपास मानवतं. थोडं वर गेलं तर केळ्याचा वास वाढतो, फार वर गेलं तर थिनरचा येतो. पहिले तीन-चार दिवस हातचे गेले की मग काही करता येत नाही. म्हणून बादली पाण्याच्या टबात ठेवायची, भोवती ओला टॉवेल गुंडाळायचा आणि टबात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या सोडायच्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ही युक्तीही माझीच.

पण बिअर त्याची चांगली व्हायची.

तो थर्मामीटर लावायचाच नाही. बादलीला गाल टेकवायचा, तापलेल्या पोराला आई लावते तसा, आणि म्हणायचा, "आज जरा कणकण हाय हिला." मग एक बाटली जास्त सोडायचा. मी मुद्दाम थर्मामीटर बुडवून बघायचो. कणकण असायची. एकदाही तो चुकला नाही. एकदा तरी चुकावा म्हणून मी किती वेळा थर्मामीटर बुडवला असेल, याची वहीत नोंद नाही.

माझ्या बायकोनं जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही. एकदा त्याच्या घरी तिनं त्याच्या ग्लासाचा नुसता वास घेतला आणि हसत सुटली. "अगं बाई, ह्याला केळ्याचा वास येतो की! आणि लवंगेचा!" मग माझ्याकडं वळून, सगळ्यांसमोर, "तुमची कशी, खोकल्याच्या औषधावाणी."

"ताई, दाजींचं औषध हाय म्हणून तर आमी जिवंत हाय," साडू म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी घरी येताना बायको काही बोलत होती, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. माझ्या ग्लासाचा वास तिनं कधी घेतला नव्हता.

मग साडू कामाला होता तो चिंचोळीतला कारखाना बंद पडला. पाच-सहा महिने तो मिळेल ते करत होता. कुणाच्या तरी ओळखीनं पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका माणसापर्यंत त्याची गोष्ट पोचली. त्या माणसानं सांगितलं, गव्हाच्या बिअरच्या चार बाटल्या घेऊन या, पसंत पडली तर काम देतो. तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. त्याआधी एकच घाणा बसत होता. दुसरा करायला दिवस नव्हते.

हे त्यानं सगळ्यात आधी मला येऊन सांगितलं. "साडूभाऊ, तुमच्यामुळं," म्हणाला आणि वाकून पाया पडायला लागला. मी त्याला मध्येच धरलं. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, आवडीच्या कामाचे पैसे मिळणार त्याला." मी सव्वीस वर्षं टॉवेल रंगवतोय.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं यीस्ट घातलं. शुक्रवारी सकाळी बार्शीहून फोन आला, त्याची आई न्हाणीत घसरून पडली. तो पिशवी घेऊनच माझ्या दारात आला, गच्चीच्या खोलीची किल्ली पुढं केली.

"सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तुमाला काय सांगायचं."

"मेहुणी आहे की घरात," मी म्हणालो.

"ती आजपासनं बाजूला बसलीय. लोणच्याला चालत न्हाय, पापडाला चालत न्हाय, मग ह्याला कसं चालंल? आई म्हणती, आंबणारी वस्तू जित्ती असती, तिला लगेच कळतं. एरवी मी बी मानत न्हाय एवढं. पण ह्या टायमाला नको. रिस्क नको."

मी लॅबमधला माणूस. असं काही नसतं, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. किल्ली घेतली.

पहिल्या दिवशीही मी काही ठरवून गेलो नव्हतो, असं मला वाटायचं. आता लिहिताना ते खरं वाटत नाही. मेहुणीनं लांबूनच फ्रिजरकडं बोट केलं. मी दोन बाटल्या काढल्या, वर नेल्या, आणि टबात न सोडता गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ठेवल्या. टबातल्या पाणी झालेल्या बाटल्या काढून खाली आणल्या, फ्रिजरमध्ये लावल्या. हिशेब बरोबर. टॉवेल वाळत चालला होता, त्यावर पाणी मारलं नाही. बादलीच्या नळीतून बुडबुडे इतक्या जोरात येत होते की झाकण थरथरत होतं. तिसऱ्या दिवशी थर्मामीटर लावला. एकतीस. सवयीनं आकडा वहीत लिहिला.

"झालं का, दाजी?" मेहुणी रोज विचारायची. तिला स्वयंपाकघरात जायचं नव्हतं, म्हणून शेजारणीकडून चहा करून घ्यायची माझ्यासाठी.

"झालं."

साडू चार दिवसांनी आला तेव्हा आधी वर गेला. मीही गेलो. त्यानं गाल टेकवला आणि तसाच राहिला. मग झाकण उघडलं. खोलीभर थिनर.

"बाटल्या बदलल्या व्हय, साडूभाऊ?"

"व्हय. रोज."

त्यानं माझ्यावर एक क्षणसुद्धा संशय घेतला नाही. खाली गेला आणि मेहुणीला म्हणाला, "तू वर गेलतीस?"

"न्हाय वं. जिन्यावर पाय ठेवला न्हाय."

"मग असं कसं झालं? दाजींनी तर सगळं केलं. खरं सांग, शिवलीस का?"

"दाजींना विचारा की. दाजी, मी गेलते का वर?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तेवढ्यानं तिची सुटका झाली असती आणि मीही सापडलो नसतो. मी म्हणालो, "मी काय दिवसभर हितं नव्हतो."

 मेहुणी चार दिवस जिथं बसली होती त्याच चटईवर जाऊन बसली.

ठरलेल्या रविवारी तो पुण्याला गेला नाही. फोन करून मुदत मागितली. त्या माणसानं बरं म्हटलं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याला घेतलं. साडू आता कुंभारीच्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानात आहे. बादली, टब, नळी, सगळं त्यानं मला आणून दिलं. "तुमीच करा, तुमचा हात नेमका हाय." मी तेव्हापासून केलेली नाही.

आणि ज्या घरात ते चार दिवस नावापुरते पाळले जायचे, तिथं ते आता कडक झाले. लोणचं घालायच्या दिवसांत साडूची आई बार्शीहून येऊन बसते, मेहुणीची तारीख विचारते आणि मगच बरणी काढते. बिअरची गोष्ट पाहुण्यांना सांगते, नाव न घेता. मेहुणी शेजारीच असते. मी ते दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा खाली बघत बसलो. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या पहिल्या वेळी, अपराधी वाटायच्या आधी, साडू पुण्याला गेला नाही याचं मला बरं वाटलं होतं.

इथं लिहून काही फिटत नाही. इथं नावं नाहीत, आणि ते दोघं हे वाचणार नाहीत. त्या दोघांसमोर, त्याच्या आईच्या देखत बसून, माझ्या तोंडानं मला सांगायचं आहे की ती वर गेली नव्हती आणि बाटल्या मी बदलल्या नाहीत. ते अजून सांगितलेलं नाही.