‘कुठं पाहायचं, तेही सांगा’ म्हणणारे खांबेटे साहेब

खांबेटे साहेबांचा आणि माझा परिचय भांडणातून झाला. भांडत अर्थात मी होते. ते ऐकत होते. साठचं दशक संपत आलं होतं. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही कलकत्त्याला आलो आणि खिदिरपूरच्या एका जहाज कंपनीच्या संगणक विभागात मला पंचिंगच्या, म्हणजे कार्डांना भोकं पाडायच्या, कामावर तात्पुरतं घेतलं गेलं.

प्रोग्राम बदलला की उत्तरं आधीच ठाऊक असलेली नमुन्याची कार्डं मशीनमध्ये घालत. ताळा मशीनच करी. जुळलं नाही तर कागदावर एवढंच उमटे: चाचणी नापास. कुठं, कशामुळे, काही पत्ता नाही. मग कार्डावरची भोकंच चुकली असणार, म्हणून विभागप्रमुख घोषबाबूंचं बोट पंचिंगच्या खोलीकडे वळे. माझ्यावर ठपके साचत गेले. आणखी एक आला की घरी बसा, असं त्यांनी बजावलं. वडील निवृत्तीला टेकलेले, धाकटी बहीण शिकत होती. मला घरी बसून चालणार नव्हतं.

मी तणतणत खांबेटे साहेबांच्या टेबलाशी गेले. ते वरिष्ठ प्रोग्रामर. जन्म कलकत्त्यातलाच, त्यामुळे मराठी जरा जपून बोलत. सगळं ऐकून म्हणाले, “बसा, सुमनताई. तुमचं बरोबर आहे. काय हवं होतं, काय आलं आणि कुठं पाहायचं, तेही मशीननं सांगायला हवं.”

ताळ्याचा प्रोग्राम त्यांनी नव्यानं लिहायला घेतला. त्यांची एक रीत होती. छापलेला संदेश ते प्रोग्रामर मंडळींना दाखवत नसत. पंचिंगच्या खोलीत आणून माझ्यापुढे ठेवत. “हे वाचून तुम्ही कुठं शोधाल?” मला सांगता आलं नाही की कागद परत नेत. एकदा मी म्हटलं, “साहेब, हे तुम्हाला तरी कळलंय का?” ते हसले, आणि वाक्य बदलून घेऊन आले. कागद फुकट जातो म्हणून घोषबाबू कुरकुरत. साहेब तेही ऐकून घेत.

पुढे मालाच्या वजनांची चाचणी नापास झाली. घोषबाबूंनी मला बोलावलं. तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी कागद उभ्याउभ्याच वाचून दाखवला. कार्ड बरोबर आहे. अमुक वजन हवं होतं, तमुक आलं. बेरजेचा भाग पाहा.

“तो भाग मी लिहिलाय,” साहेब म्हणाले. “चूक माझी. यांच्यावरचे जुने ठपकेही पुन्हा तपासू या.”

तपासले. बहुतेक चुका प्रोग्रामच्याच निघाल्या, आणि मला कायम केलं गेलं.

वजनांचा तो कागद साहेबांनी चुरगळून टोपलीत टाकला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. साहेबांच्या मनात ते आलंही नसेल, आणि म्हणूनच मला त्यांच्याविषयी इतका आदर वाटतो.

आज साहेब साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो. माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण त्याच नोकरीवर पुरं झालं. आता ती शाळेत शिकवते. लेख मी लिहिला असला, तरी नमस्कार आम्हां दोघींचा आहे.