पद्माताईचा उजवा हात

पद्माताईकडे भाड्याने राहायला आलो आणि तिसऱ्या महिन्यात मला खात्री पटली, की मला टक्कल पडतंय. सोफ्यावर केस, बाथरूमच्या जाळीत केस, व्हॅक्युमच्या पोटातून तर अख्खी शेंडी निघाली. माझे केस दोन इंचांचे आणि सापडायचे ते हातभर लांब. पण घाबरलेल्या माणसाला लांबी दिसत नाही. मी कांद्याचा रस लावायला लागलो. चौथ्या दिवशी ताई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "हृषी, हे घर आहे का भज्यांची गाडी?"

"ताई, केस जातायत माझे."

"तुझे नाहीत ते," म्हणाली, आणि डोक्यावरची टोपी कानापर्यंत खाली ओढून आत गेली.

ती टोपी म्हणजे हॉस्पिटलात घालतात तसली, कापडी, मागे नाडीची. कोविड आला आणि सगळेच डोकी झाकून फिरायला लागले, त्यामुळे ताई घरातही का घालते हे मी कधी विचारलं नाही. ती मूळची मिरजेची, वय सेहेचाळीस, एकटी. सिडनीत वेस्टमीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने उतरवून घ्यायची, नळ्यांना लेबलं लावायची. मी त्याच परिसरात एका हॉस्पिटलच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचा ताप बघायचो. अकाउंटिंगची मास्टर्स डिग्री घेऊन. ताई म्हणायची, "तू नुसतं कपाळ बघतोस रे. अर्ध्या सिडनीचं नाक माझ्या टेबलावरून जातं."

एकवीसच्या एप्रिलमध्ये मिरजेत तिची आई आणि भाऊ मुरलीधर, दोघंही आजारी पडली. भारतातली विमानं इकडे बंद झाली. गेलं तर परत येता येईना, आणि लॅबमध्ये तर माणसं आधीच कमी. ताई फोन कानाला लावून रात्रपाळीला जायची. दोघं बरी झाली, देवाची कृपा. पण त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. मुरलीधर व्हिडिओ कॉल लावायचा, ताई तो कट करायची आणि साधा फोन करायची.

"इथलं नेट खराब आहे रे."

"सिडनीचं?" मुरलीधर हसायचा. "आमच्या शेतात सुद्धा येतंय की!"

मग मागून आईचा आवाज. "पदे, किती महिने झाले गं तुझं तोंड बघून?"

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत बसायची.

जुलैमध्ये आमच्या भागात कडक लॉकडाऊन लागला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, बाहेर पडताना तोंड झाकायचं. एका सकाळी माझी शिफ्ट रद्द झाली म्हणून मी मधूनच घरी आलो. टीव्हीवर रोजचे आकडे चालले होते. ताई समोर बसली होती, टोपी मांडीवर. उजव्या कानाच्या मागे पुरीएवढी जागा पूर्ण मोकळी होती, आणि तिचा उजवा हात त्या जागेच्या कडेने फिरत होता. बोटं काहीतरी शोधत होती, तांदूळ निवडतात तशी. एक केस सापडला. हलकासा झटका. तिने तो बोटावर धरून पाहिला आणि खाली टाकला. हे सगळं होत असताना डोळे टीव्हीवर.

मी किल्ली खाली ठेवली, त्या आवाजाने ती दचकली. मला वाटलं आता मला घर शोधावं लागणार. ती म्हणाली, "चहा ठेव."

चहावर तिने सांगितलं. दहाव्या वर्षापासून आहे. खाज नाही, राग नाही. बोटांना एखादा जाड, वाकडा केस लागतो, आणि तो निघेपर्यंत जिवाला चैन पडत नाही. निघाला की क्षणभर गार वाटतं. मग लाज. "निम्म्या वेळेला मला कळतही नाही हात वर गेलाय ते. लॅबमध्ये हातमोजे असतात म्हणून शहाणा राहतो मेला. घरी आला की सुटलाच."

"मग थांबव की," मी म्हणालो. आमच्या बार्शीच्या शाळेत एवढंच शिकवलेलं.

"हो का? उचकी लागली की तू थांबवतोस वाटतं?"

आजवर तिने सात डॉक्टर पाहिले होते आणि सातांनी सात तेलं दिली होती. हे मनाचं दुखणं आहे, त्याला इलाज आहे, हे तिला मिरजेसारख्या हॉस्पिटलांच्या गावात वाढून माहीत नव्हतं असं नाही. पण सांगायचं कुणाला? आता मात्र इलाज करून घेते म्हणाली. मी विचारलं, मग आत्ताच का?

"आईला तोंड दाखवायचंय," ती म्हणाली. "आणि हे डोकं घेऊन नाही दाखवायचं. बास."

जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीवर लीना नावाची सायकॉलॉजिस्ट मिळाली, तीही फोनवर. दर गुरुवारी साडेचारला. लीनाने पहिल्या दिवशी थांब असं म्हटलंच नाही. फक्त लिहून ठेव म्हणाली: कधी, कुठे, कोणता हात, त्याआधी काय चाललं होतं. आठवड्याने कळलं, की सोफा, टीव्ही आणि मिरजेचा फोन ठेवल्यानंतरची वीस मिनिटं, चोर इथेच आहे. मग बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या आल्या. सोफ्याची जागा बदलली. हात वर जावासा वाटला की त्याला दुसरं काम द्यायचं, लाट ओसरेपर्यंत, चारपाच मिनिटं. त्यासाठी ताईने रबरी चेंडू आणला. तो दोन दिवसांत फाडला. लोकर आणली; तिचा गुंता झाला आणि तो सोडवायला मी बसलो.

तिसऱ्या गुरुवारी लीनाने विचारलं, "हे मधे कधी थांबलं होतं का?"

थांबलं होतं. अकरा ते अठरा. त्या वर्षांत तिची वेणी कमरेपर्यंत होती. तेव्हा वेगळं काय होतं? ताईने खूप आठवून सांगितलं, काहीच नाही. शाळा, अभ्यास, आणि संध्याकाळी वाती. आईने लाख वातींचा संकल्प सोडला होता, म्हणून रोज दिवेलागणीला पोरीला कापूस घेऊन बसवायची. गल्लीत कौतुक व्हायचं, काय देवभोळी पोर आहे म्हणून.

लीनाला वात म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर ताईने लगेच मिरजेला लावला. स्पीकरवर, कारण ती कापसासाठी कपाटं उचकत होती.

"आई, ती लाख वातींची मानता कशासाठी होती गं?"

"कसली मानता?"

"तू नव्हती का केलीस? मी अकरा वर्षांची असताना?"

"देवाला काय करायच्यात एवढ्या वाती?" आई म्हणाली. "निम्म्या मी गल्लीत वाटल्या, उरलेल्या पाहुण्यांच्या गळ्यात मारल्या. तुझा हात रिकामा राहू नये, एवढंच. ओरडून बघितलं, तुझ्या बापानं एकदा हात बांधून बघितलं. तू झोपेतसुद्धा उपटायचीस."

ताई कपाटाशी तशीच उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"मग आता तू व्हिडिओ का लावत नाहीस, ते मला कळत नाही होय?" आई म्हणाली. "पण तू सांगेपर्यंत कसं विचारायचं, म्हणून नेटच खराब आहे असं धरून चालले."

केमिस्टकडचा कापूस वातीच्या कामाचा नव्हता, तुटायचा. तीन किलोमीटरवरच्या इंडियन दुकानातून मी पूजेचा कापूस आणला, सहा पाकिटं. दुकानदार म्हणाला, "घर में बड़ी पूजा है क्या, भाई?" मी हो म्हणालो. मग रोज फोन ठेवल्यावर ताई बोटाला दूध लावून वाती वळायची. मीही बसायचो. माझी वात बघून म्हणाली, "ही वात आहे का खराटा?"

गोष्ट एवढ्यावर सरळ झाली असं नाही. ऑगस्टच्या एका रविवारी लॅबमधून परत आल्यावर ती दुपारभर सोफ्यावर बसली आणि महिनाभरात आलेलं सगळं गेलं. त्या संध्याकाळी जेवली नाही. लीना म्हणाली, घसरलीस म्हणजे पायथ्याला आलीस असं नसतं. ताईने ते मला जसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाली, "तिला काय जातंय बोलायला. तिचे केस आहेत." पण दुसऱ्या दिवशी कापसाचं नवं पाकीट फोडलं.

ऑक्टोबरात सीमा उघडणार अशी बातमी आली. सगळे तिकिटं बघायला लागले. ताईने बघितली नाहीत. म्हणाली, रजा मिळायला फेब्रुवारी उजाडेल, आणि फेब्रुवारीपर्यंत तरी हे भरून येतंय का बघू.

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

तिने पुढची वात वळायला घेतली. पण त्या शनिवारी दुपारी मिरजेहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने तो कट केला नाही. टेबलावरच्या बरणीला फोन टेकवला. स्क्रीनवर आधी छत आलं, मग मुरलीधरचा अंगठा, मग आई. तिने फोन इतका जवळ धरला होता, की चष्मा आणि कपाळ एवढंच दिसत होतं. ती बारीक झाली होती.

"अगो बाई," टोपीखालून निसटलेले पांढरे केस बघून आई म्हणाली. "केवढी गं पिकलीस."

"तू काय कमी पिकलीस?"

दोघी हसल्या. मग आई म्हणाली, "काढ ती टोपी. मान वळव. बघू दे."

ताईचे हात नाडीपाशी जाऊन थांबले. मी उठायला लागलो, तर तिने मानेनेच बस म्हणून खुणावलं. टोपी काढली. डावीकडे वळून, मान खाली घालून, ती जागा तिने फोनसमोर धरली. नवीन केस आले होते थोडे. पांढरे, आखूड, उभे. मधला भाग अजून मोकळाच.

आईचा चेहरा हळूहळू बाजूला झाला आणि स्क्रीनवर एक बोट आलं. जाड, वाकडं, हळद मुरलेलं. ते त्या जागेवर टेकायला पुढे आलं, मोठं होत होत स्क्रीनभर झालं, आणि फोन कट झाला.

ताईला कळलं नाही. ती तशीच मान खाली घालून बसलेली.

"ताई," मी म्हणालो, "बटण दाबलं गेलं बहुतेक त्यांच्याकडनं."

"असू दे," ती म्हणाली. मान वर केली नाही. "लावेल परत."