फोन कुणाला लावायचा

मी आज जो काही आहे तो मानपुरच्या आमच्या इंग्रजीच्या बाईंमुळे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाईंनी मला संध्याकाळी घरी बसवून फुकट शिकवलं आणि इंदूरला निघताना आपल्या मुलाचा नवा स्वेटर माझ्या पिशवीत कोंबला. त्या मुलाला मी दादा म्हणतो.

आता मी इंदूरलाच, तुकोगंजला एका विधायकजींच्या, म्हणजे आमदारांच्या ऑफिसात आहे. सकाळी लोक येतात, बहुतेक नोकरीसाठी. विधायकजी त्यांच्यासमोरच फोन लावतात, "भिया, अपना ही लड़का है, कहीं लगा लो." बरेचदा काम होतं. नाही झालं तरी फोन आपल्यासमोर झाला, एवढ्यावर माणूस खूश होऊन जातो. आमच्याकडे 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'देखते हैं' म्हणायचं.

गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. दादा इंदूरला एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तिथे मशीन बसलं आणि अख्खी शिफ्ट घरी गेली. दादा मानपुरला परतला होता. "तुझ्या साहेबांचा एक शब्द पुरेल रे," बाई म्हणाल्या. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

विधायकजींनी चहा बाजूला ठेवून लगेच कारखान्याच्या मालकाला फोन लावला, स्पीकरवर.

"आप बोलो तो रख लूँ, भाई साहब," मालक हसला, "पर बैठाऊँ कहाँ? मशीन की गोद में?"

"गाड़ी भरने पे?"

"उसका भी मशीनवाला पट्टा आ रहा है. उद्घाटन आपको ही करना है."

विधायकजींनी फोन ठेवला. "नळाला पाणी नाही आलं तर कुणाची कॉलर धरायची, मला माहीत आहे. ह्यात कुणाची धरू? सांग ना, तू ग्रॅज्युएट आहेस."

 थोड्याच दिवसांपूर्वी मी त्यांना भाषण लिहून दिलं होतं, नव्या तंत्रज्ञानातून नव्या संधी येतात असं. टाळ्याही पडल्या होत्या. "त्या संधींचा पत्ता काढ बरं," ते म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

मी रोजगार कार्यालयात विचारलं, आयटीआयमध्ये विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, "ऊपर से कुछ आया नहीं."

विधायकजींना हे सांगितलं तर ते हसले. "अरे, त्यांच्यासाठी ऊपर तो मैं ही हूँ."

"बाईंना काय सांगू?"

"देखते हैं म्हण," ते सवयीने बोलून गेले. मग म्हणाले, "नको. मास्तरीण आहेत त्या. खरं लिही."

मी लिहिलं:

आदरणीय बाई, सा. न.

साहेबांनी फोन केला, मनापासून केला. काम झालं नाही, आणि फोनने होईल असं आता मला वाटत नाही. तुमच्या आवाजापुढे हे बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितो आहे. दादाला आमच्या भरवशावर थांबू देऊ नका. मशीन दुरुस्तीचे संध्याकाळचे वर्ग इथे निघावेत म्हणून साहेब मागणी करणार आहेत. अर्ज मी लिहितो आहे. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. शिफ्टमधल्या सगळ्यांना घेऊन दादाने रविवारी यावं. साहेबांना त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. आणि इथे राहून काम शोधायचं असेल तर माझी खोली आहे. स्वयंपाक मला येतो.

तुमचा विद्यार्थी